पवनीचा वारसा कोणाचा?

सांचीचे नाव शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु आपल्या भंडारा जिल्ह्यातील पवनीस जगन्नाथ टेकडीखाली कोणते वैभव दडले होते, हे किती सुशिक्षितांना सांगता येईल? १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा सांचीच्या महास्तूपाहूनही अधिक व्यासाचा स्तूप उजेडात आला.

त्याची रचना मनन करण्याजोगी आहे. स्तूपात ना दालन, ना कमान. भरीव राशीचा स्वतःचा भारच त्यास स्थैर्य देतो. भोवतीची शिळावेदिका तर सुताराने लाकूड सांधावे तशी सांधलेली. आडव्या सूची स्तंभांच्या खाचांत बसवावयाच्या आणि वरून उष्णीषाच्या शिळांनी सारे जखडावयाचे. एकटा दगड तेथे निरर्थक ठरतो. त्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. बुद्धाची मूर्ती मात्र नाही. रिक्त आसन आणि त्यावर फणा धरणारा मुचलिंद नाग, एवढ्याने शिल्पकाराने सारे सांगितले.

अनेकांच्या दानातून जे उभे राहिले, त्याचे रक्षण केवळ सरकारवर सोपवून आपणांस मोकळे होता येणार नाही. पवनीतील प्रत्येक कोरीव शिळेची नोंद व्हावी. एकही शिळा कोणाच्या घराची पायरी होऊ नये. जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने आपली पहिली सहल या टेकडीवर न्यावी. दात्यांनी आपली नावे दगडावर कोरून ठेवली. ती वाचणारे डोळे घडविणे आता आपल्या हाती आहे.