मॉरिशस 'केलं' म्हणे!

परवा पणजीत एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी मोठ्या समाधानानं सांगितलं, "आम्ही यंदा मॉरिशस केलं. दुबई, श्रीलंका आधीच झाली. आता बाली करायचं!" त्यांचं चुकलं असं नाही, आपण सगळेच असं बोलतो. पण दाढी करतात, हिशेब करतात, तसा देश कधीपासून 'करायला' लागलो आपण?

हे लिहायचा अधिकार मला आहे, कारण तीन वर्षांपूर्वी मीही मॉरिशस 'केलेलं' आहे. पाच दिवस, चार रात्री. पहिल्या दिवशी उत्तर बेट : पोर्ट लुईस, किल्ला, कोदां वॉटरफ्रंटवर खरेदी. दुसऱ्या दिवशी दक्षिण बेट : ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, शामारेलची सात रंगांची माती. तिसऱ्या दिवशी होडीतून इल ओ सेर्फ. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, त्यातली दहा रांगेत.

उत्तर बेट, दक्षिण बेट... काही आठवलं का? आपल्याकडे पणजीतून पर्यटकांच्या बसगाड्या सुटतात, नॉर्थ गोवा आणि साउथ गोवा. दोन दिवसांत गोवा संपतो. तो पर्यटक परत गेल्यावर 'गोवा म्हणजे किनारा आणि दारू' असं सांगतो, तेव्हा आपल्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमची चवथ, आमची माटोळी, आमचे घुमट, आमच्या देवळांतली नाटकं यांनी पाहिली कुठं? प्रश्न अगदी रास्त. पण मंडळी, आपण दुसऱ्याच्या बेटावर गेल्यावर काय वेगळं करतो?

मॉरिशस बेटाचं क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर. गोव्याचं ३,७०२. म्हणजे आपल्या जवळजवळ निम्मं. एवढीशी जागा, मग चार दिवसांत सगळी बघून होईलच, असा आपला हिशेब. तिथंच गणित चुकतं. काणकोणात एका घराची चवथ नीट बघायला चार दिवस पुरत नाहीत, आणि इथं आख्खा देश!

आमच्या गटात एक निवृत्त शिक्षक होते, तामसीचे. तामसी कुठं, असं मीही विचारलं होतं. तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडून भाषावार प्रांत झाले तेव्हा आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, तामसीचा भाग आंध्रात राहिला. २०१४ साली तो तेलंगणात आला. गुरुजींच्या घरातली मराठी मात्र होती तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या बसचा चालक फोनवर क्रिओलमध्ये बोलत होता. मध्येच 'आजी' असा शब्द आला. गुरुजींनी कान टवकारले, गाडी थांबल्यावर त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलले. त्याचे पूर्वज कोकणातले. त्यानं संध्याकाळी घरी बोलावलं. गुरुजींनी मलाही विचारलं, "येता का, सर?" रात्री हॉटेलात नाचगाणं होतं, जेवणासकट पैसे भरलेले. मी नाही म्हटलं.

ते दहा वाजता परत आले. त्या घरातल्या म्हातारीला मराठीत चार वाक्यं सलग बोलता येत नव्हती, पण गणपतीची आरती शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ होती. दोघांनी मिळून ती म्हटली. मी म्हटलं, "अर्थ कळतो का त्यांना?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "आमच्या मराठीलाही पुण्याकडची माणसं हसतेत, सर. तेलुगूचा वास येतो म्हणतेत. तिला कशाला परीक्षेला बसवू?"

मी गप्प झालो. आमच्या मराठीला कोकणीचा वास येतो, हे ऐकतच मी मोठा झालो आहे.

आता मी काय काय चुकवलं ते ऐका. कोदांच्या दुकानांपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून जवळजवळ पाच लाख गिरमिटिया मजूर त्या धक्क्यावरून मळ्यांवर गेले. आपल्या तेरेखोलच्या पलीकडच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतलेही त्यांत होते. २००६ साली तो जागतिक वारसा ठरला. मी त्या वेळी शेजारी टी-शर्टचा भाव करत होतो! ल मोर्नचा डोंगर मी फोटोत छान पकडला. पळालेले गुलाम त्याच्या कड्यांत आसरा घेत, हे घरी आल्यावर वाचलं. मोका गावी महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत, मराठी शिकवली जाते. तिथंच महाराष्ट्र भवन आहे, त्याच्या आवारात २०२३ साली शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. त्या देशात गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत यातलं अक्षरही नव्हतं.

कोणी म्हणेल, एवढे पैसे मोजल्यावर सगळं बघायला नको का? मी उलट विचारतो, एवढे पैसे मोजून बसच्या काचेतूनच बघायचं का? थोडे दिवस असले की यादी लांबवायची नसते, कापायची असते. मी पुन्हा गेलो तर एक दिवस पोर्ट लुईसमध्ये पायी फिरेन : बाजार, घाट, बस्स. एक दिवस मोकाला. एक दिवस समुद्र, पण एकच किनारा, सकाळपासून काळोख पडेपर्यंत. आणि एक दिवस रिकामा, कुणी घरी बोलावलंच तर 'हो' म्हणण्यासाठी. पोर्ट लुईसहून क्युरपिपपर्यंत आता मेट्रो धावते, गावोगाव बसगाड्या आहेत. सात रंगांची माती राहिली तर राहू दे.

आणि मराठी माणूस भेटला तर त्याचे उच्चार तपासू नका. एवढं गुरुजींकडून शिकलो, तेही उशिरा.

माझ्याकडे त्या सहलीचे तीनशे फोटो आहेत. गेल्या चवथीला गुरुजींचा तामसीहून फोन आला. म्हणाले, आरतीच्या वेळी त्या म्हातारीनं फोन केला होता, दोघांनी पुन्हा म्हटली.

मला मॉरिशसहून कुणाचाही फोन येत नाही. येणार तरी कुठून? मी ते 'करून' आलो होतो ना!