फुगडीला जोडीदारीण लागते

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला लोणच्याच्या बरणीला बुरशी का येते ते लिहिलं होतं. आज पाककृती नाही की डाग काढण्याची युक्ती नाही. आज माझीच एक फजिती सांगणार आहे. हसा हवं तर.

2022 सालचा श्रावण. पुतणसुनेची पहिली मंगळागौर. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे हॉल घेतलेला, खेळ घेणाऱ्या बायकांचा संच बोलावलेला. सगळ्यांच्या एका रंगाच्या नऊवारी आणि मुख्य बाईंच्या हातात माईक. खेळ रंगात आले आणि त्यांच्यातल्या एकीनं मला ओढलंच. "काकू, या की बसफुगडीला!" लहानपणी वाड्यातल्या पोरींत माझी बसफुगडी पहिल्या नंबरची. त्या तोऱ्यात पदर खोचला आणि उकिडवी बसले. दोन उड्या मारल्या, तिसरी मारली आणि मग उठताच येईना. गुडघ्यावर हात टेकला, नाही जमलं. जमिनीवर हात टेकला, तरी नाही. शेवटी जिची मंगळागौर तिनंच, एवढ्या दागिन्यांनिशी, माझ्या काखेत हात घालून मला उभी केली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

रात्री मात्र झोप लागेना. आई आठवत राहिली. आईला शेवटची चार वर्षं उठवावं लागे, आधी पलंगावरून, मग कमोडवरून. न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तिथून सगळं सुरू झालं असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. पण त्या रात्री लक्षात आलं, की ते त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. पडण्याआधी दहा वर्षं आईनं जमिनीवर बसणंच सोडलं होतं, आणि आम्ही मोठ्या कौतुकानं तिच्या मागे खुर्ची घेऊन धावत होतो! मी तेव्हा चोपन्न वर्षांची होते.

आता व्यायामाचा निश्चय मी काही आयुष्यात पहिल्यांदा केला असं नाही. धावायचं यंत्र घरात आलं होतं, त्यावर दोन पावसाळे परकर वाळले. मग व्यायामशाळेची वर्षाची फी एकदम भरली, म्हणजे पैशाच्या धाकानं तरी जाईन. अकरा दिवस गेले. मग सकाळचा योगासनांचा वर्ग. वर्ग उत्तम होता हो, पण साडेसहाची वेळ म्हणजे आमच्याकडे डबे भरायची वेळ. कणीक मळताना शवासन करता येत नाही. या तिन्ही वेळी मनात एकच होतं, पोट कमी करायचं. म्हणजे काल गुलाबजाम खाल्ला म्हणून आज शिक्षा. आणि शिक्षा कोण रोज उठून आवडीनं भोगेल?

तुम्ही म्हणाल, दिवसभर घरात राबतो तो काय व्यायाम नव्हे? हा प्रश्न पत्रांतून इतक्यांदा येतो, की एकदा नीट बोलूच. सरकारच्या 2024 सालच्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की आपल्या देशात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. तेव्हा 'वेळ नाही' ही सबब आहे असं मला कुणी सांगू नये. पण त्याच 2024 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात 2022 साली भारतातल्या 57 टक्के स्त्रिया शरीराला पुरेल इतकी हालचाल करत नाहीत असं निघालं, पुरुषांत हेच प्रमाण 42 टक्के. आणि यात घरकाम जमेस धरलेलं आहे! कारण उघड आहे. ओट्याशी चार तास उभं राहून पाय दुखतात, पाठ दुखते, पण दम काही लागत नाही. थकवा येतो, ताकद येत नाही.

जातं, विहीर, उखळ परत आणा असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. आमच्या आजीची वाकलेली पाठ मी पाहिली आहे. त्या कामांत एक गोष्ट तेवढी होती, जी मिक्सरबरोबर गेली. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असत. नदीवर धुणं चौघी मिळून. मंगळागौरीचे, भोंडल्याचे खेळ तर एकटीनं खेळताच येत नाहीत. झिम्म्याला टाळी द्यायला दुसरा हात लागतो. त्या रात्री जागीच होते, तेव्हा हे सुचलं, की आपण तीनदा हरलो ते तिन्ही वेळा एकट्याच होतो.

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी दोघींना विचारलं. एक शाळेत शिकवते, एक माझ्यासारखीच घरी. ठरलं, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा ते पावणेसात, आपल्या इमारतीची गच्ची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही विचारलं. त्यांचं वय अडुसष्ट, यजमानांना जाऊन वीस वर्षं झालेली. त्या म्हणाल्या, "मला गं कशाला बोलावतेस? मंगळागौरीचे खेळ ना ते?"

मला काही बोलताच येईना. वीस वर्षं शेजारी राहतो आम्ही. या बाईला एकाही मंगळागौरीचं बोलावणं गेलेलं नाही, माझ्या घरचंसुद्धा नाही. मी म्हटलं, "काकू, पूजा नाही, हळदीकुंकू नाही. गुडघे वाचवायचेत फक्त." त्या हसल्या आणि दार लावून घेतलं.

आठवड्यानं त्या गच्चीवर आल्या. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून नुसत्या पाहायच्या, आमच्या चपला सांभाळायच्या. असं तीन आठवडे. मग एका शुक्रवारी शाळावाली आली नाही, परीक्षेचे पेपर तपासायचे होते. मला फुगडीला जोडीदारीण उरली नाही. काकू उठल्या, पदर खोचला, हातांची तिढी घातली. मी भीत भीत हळूच धरलं तर म्हणाल्या, "अशी नको. हात घट्ट धर आणि मागे झुक. तू सावरून धरलंस तर दोघी पडू." खरंच आहे ते! फुगडीत पायाचे अंगठे जवळ आणि अंग मागे लागतं. माझा तोल तिच्यावर आणि तिचा माझ्यावर, तेव्हाच गिरकी बसते. चारपाच गिरक्या घेतल्या असतील. जिना उतरताना काकूंनी एवढंच विचारलं, "उद्या आहे का गं?"

उद्या नव्हतं. पण मला तसं सांगवेना. त्या दिवसापासून आम्ही दोन दिवसांचे चार दिवस केले.

हे वाचून लगेच फुगडीला उठू नका हं. काकू रोज देवळापर्यंत पायी जाणाऱ्या, त्यांचं अंग हलतं होतं. आम्ही बाकीच्यांनी पहिला महिना नुसत्या गच्चीला फेऱ्या मारल्या आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. आधी पाच वेळा, मग दहा. चालण्याचा वेग किती असावा? बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. महिन्यानंतर झिम्मा आणि पिंगा. फुगडी त्यानंतर, तीही कोरड्या जमिनीवर. गुडघे कुरकुरत असतील तर बसफुगडी आणि कोंबडा यांच्या वाटेला जाऊच नका, मी अजून गेलेले नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. खेळताना छातीत दडपण वाटलं, हात किंवा जबडा दुखू लागला, भोवंडल्यासारखं झालं, तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. 'पित्त झालं असेल' म्हणून लिंबूपाणी पीत बसायचं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली सांगितलेलं माप लक्षात ठेवायला सोपं आहे. आठवड्याला निदान 150 मिनिटं दम लागेल अशी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असा व्यायाम. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सरावही हवा. पूर्वी म्हणत, सलग दहा मिनिटं केलं तरच मोजायचं. आता ती अट नाही, पाच मिनिटंही जमेस धरतात. आपल्या तुकड्यातुकड्यांच्या दिवसाला ही केवढी सोय! कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो ओट्याला धरून टाचा उचला, मग एका पायावर उभ्या राहा, हात ओट्याजवळच असू द्या. ओट्यावर तळवे टेकून अंग तिरकं करून दंड काढता येतात. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्यानं विरळ होतात, आणि हाडांना भार मिळाला, थोडा धक्का मिळाला, तर ती टिकायला मदत होते. झिम्म्यातली हलकी उडी त्यासाठीच चांगली. ज्यांची हाडं विरळ झाल्याचं तपासणीत निघालंय त्यांनी मात्र उडी आणि गिरकी आधी डॉक्टरांना विचारावी.

आता एक गोष्ट, जी आम्ही चौघींनी कितीतरी दिवस एकमेकींना सांगितली नाही. उडी मारली की लघवीचे दोन थेंब जातात. आमच्यातली एक 'पाहुणे आलेत' म्हणून यायची बंद झाली. पाहुणे कसले, तिला हीच लाज वाटत होती. काकूंनी तिला घरी जाऊन विचारलं तेव्हा कळलं, आणि मग निघालं, की थोडंफार सगळ्यांनाच आहे. बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यावर हे फार जणींना होतं. त्यावर व्यायाम आहे, आणि तो बसल्या जागी, बसमध्येसुद्धा करता येतो. लघवी आणि वारा रोखताना जे स्नायू आपण आत ओढतो, ते पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट आवळायचं नाही, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा प्रयोग करायचा नाही. गुण यायला दोनतीन महिने लागतात. तरी फरक पडला नाही, किंवा अंग खाली आल्यासारखं वाटलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. यात लाजण्यासारखं काही नाही. पडशाला आपण लाजतो का?

घरच्यांचं काय? आमच्याकडे सहा वाजता चहा लागतो. पहिल्या दिवशी यांनी स्वतः केला. आलं किसायचं सोडून अख्खा तुकडा टाकला होता आणि साखर विसरले होते. मी पाऊण तासानं घामाघूम परतले, तो गार चहा गरम करून प्यायले आणि चकार शब्द काढला नाही. नावं ठेवली असती तर ते म्हणाले असते, "मग तूच करत जा." माझी गच्ची तिथेच संपली असती. आता ते आलं किसतात. साखर अजून कमीच असते, पण ते बरंच म्हणायचं.

वजनाचा काटा मी माळ्यावर टाकला आहे. एवढ्या काळात जेमतेम दोन किलो उतरलं, आणि रोज काटा पाहिला असता तर मी कधीच सोडून दिलं असतं. त्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, गच्चीच्या दिवशी एक टिंब काढते. खाडे होतातच. लग्नसराई, आजारपणं, पोरांच्या परीक्षा. पावसाळ्यात आम्ही शाळावालीच्या दिवाणखान्यात खेळतो, मग खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीनं छत ठोकतात. एकदा तीन आठवडे सगळंच बंद पडलं होतं. चौथ्या आठवड्यात काकू प्रत्येकीच्या दारात उभ्या राहिल्या. स्वतःशी केलेला निश्चय मोडायला मला दोन मिनिटं लागतात, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला 'नको' म्हणवत नाही.

तुमच्या इमारतीत, चाळीत, गल्लीत अशी एखादी बाई असेलच, जिला अशा गोष्टींना कुणी बोलावत नाही. तिला आधी विचारून पाहा. आणि झिम्मा-फुगडी तुमच्याकडची नसेल तर तुमच्याकडचं काय असेल ते खेळा. गोव्यातल्या मैत्रिणी धालो खेळतात, गुजराती शेजारणी गरबा. काहीच येत नसेल तर दोरीवरच्या उड्या आहेत, नाहीतर नुसतं हात धरून चालणं आहे. तुम्ही काय सुरू केलंत ते पत्रानं कळवा. आणि घरातल्यांनी चहा कसा केला, तेही कळवा.

गेल्या श्रावणात पुतणसुनेकडे पुन्हा जमलो होतो. पानं वाढायला मी सगळ्यांबरोबर खाली बसले आणि जेवून उठले, एक हात गुडघ्यावर टेकून. दुसरा हात टेकावा लागला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बरोबर काकूही होत्या, या वेळी मी मुद्दाम पुतणसुनेला सांगून त्यांना बोलावणं पाठवलं होतं. त्या माईकवाल्या बाईंना फुगडीत त्यांनी दमवलं, ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

बाकीचं पुढच्या अंकात. पावणेसहा झाले, जिन्यातून काकूंची हाक येतेय, आणि मी अजून चपलासुद्धा घातलेल्या नाहीत.