कॅमेरा आणि वर्गणी

बिघडलेला यंत्रमाग बाजारातले सुटे भाग बसवून पुन्हा चालू होतो, हे सोलापुरात तुम्ही पाहिलेच असेल. चित्रीकरणाचा कॅमेराही असाच जुळवता येतो. भिंग, सेन्सर, लहान संगणक, सारे सुटे मिळते.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी तर १९१८ साली स्वतः कॅमेरा तयार केला. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ चित्रपट आला. त्यांच्या कंपनीला पैसा दिला गायिका तानीबाई कागलकर यांनी. पण असा एकच मोठा दाता तुम्हाला कुठे भेटणार? गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले, आणि १९७६ साली ‘मंथन’ पडद्यावर आला. मला हाच मार्ग अधिक पसंत आहे.

वर्गणी मागाल, तर पैशापैशाचा हिशेब शाळेच्या फलकावर लावा. कॅमेरा चालला नाही, तरी लावा.