नाव नको, कमाई हवी

गिरगावातल्या आमच्या फणसवाडीत नाटक-सिनेमाच्या गप्पांना कधी खळ पडत नाही. अलीकडे अशाच एका बैठकीत हंसा वाडकर यांचा विषय निघाला आणि एका सुशिक्षित गृहस्थांनी निकाल देऊन टाकला, "बाईने स्वतःच्या हाताने आयुष्याची माती केली." 'सांगत्ये ऐका' हे हंसाबाईंचे आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपाने आले, श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'ने (१९७७) ती कथा देशभर पोचविली. पण आपल्या मध्यमवर्गाने ती वाचली ती न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून. दारू किती आणि पुरुष किती, याची मोजदाद झाली. पैसा कोणी मिळविला व तो कोणाच्या हाती गेला, हा साधा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

हंसाबाई म्हणजे मुंबईची रतन साळगावकर. घरची ओढाताण भागावी म्हणून तिला कोवळ्या वयातच कॅमेऱ्यापुढे उभे करण्यात आले. 'विजयाची लग्ने' हा चित्रपट १९३६ सालचा. साळगावकर हे आडनाव पडद्यावर झळकू नये, असा घरच्यांचा कटाक्ष. म्हणून ती वाडकर झाली. प्रतिष्ठेचा हा जमाखर्च ध्यानात घ्यावा : नाव नको, कमाई हवी. लग्नानंतर सिनेमा सोडून संसार करावा, ही तिची इच्छाही पुरी झाली नाही. कारण घर तिच्या मिळकतीवर चालत होते. 'संत सखू' (१९४१), 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) असे यश मिळत गेले. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट तर पुण्याच्या विजयानंदमध्ये सुमारे अडीच वर्षे चालला. त्यानंतर बाराच वर्षांनी, १९७१ साली, पन्नाशी गाठण्याआधीच हंसाबाई गेल्या.

हा एका घराचा दोष, असे कोणी म्हणेल. तसे नाही. नोकरीत वा कलेच्या बळावर विवाहित स्त्रीने मिळविलेला पैसा तिचा स्वतःचा, असे १८७४ च्या कायद्याने ठरविले. परंतु हिंदू स्त्रीला त्यातून वगळले. धर्मशास्त्राप्रमाणे पत्नीने संसारात असताना आपल्या कसबाने मिळविलेल्या धनावर पतीचा ताबा चाले. अशा मिळकतीवर हिंदू स्त्रीची निरपवाद मालकी प्रस्थापित झाली ती १९५६ च्या वारसा कायद्याने. म्हणजे हंसाबाईंच्या कारकिर्दीची पहिली वीस वर्षे जुन्याच व्यवस्थेत गेली.

त्यांच्या हातून चुका झाल्या नाहीत, असे माझे म्हणणे नाही. त्यांनीच त्या कोणतीही सबब न सांगता सांगितल्या आहेत. पण जिचा पगार तिच्या हाती नाही, तिच्याकडे निर्णयस्वातंत्र्याचा हिशेब मागणे हा कोणता न्याय?

आणि जिने हक्क मागितला तिचे आपण काय केले? शांता आपटे १९३९ साली कराराच्या वादावरून पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुढच्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' या पुस्तकात त्यांनी या धंद्यातील पिळवणूक मांडली. लालबाग-परळचा गिरणी कामगार फाटकाशी बसला, तर तो लढा. नटी बसली, तर तो नखरा! श्रमाच्या प्रतिष्ठेची व्याख्याने देणाऱ्या आपण डाव्यांनीही नटीला कधी कामगार मानले नाही. मी स्वतः वर्षानुवर्षे वर्गात मजुरीचे सिद्धान्त शिकविले. मजुरी घरात आल्यावर कोणाच्या खिशात जाते, हे एकदाही शिकविले नाही.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. बालकलाकाराच्या मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावी, असा नियम केंद्र सरकारने २०१७ साली केला. उरलेल्या ८० टक्क्यांचे काय? तेवढ्यावर आई-बापांचा हक्क कोणत्या तत्त्वाने ठरला? चित्रवाणीच्या मालिकांत आज लहान मुली राबतात आणि शेजारीपाजारी त्यांचे कौतुक करतात. निदान निम्मी मिळकत मुलीच्या नावे राहिली पाहिजे आणि तिचा हिशेब कामगार खात्याने तपासला पाहिजे, ही मागणी आपल्या चळवळीने लावून धरावी. ते होत नाही, तोवर हंसाबाईंच्या आयुष्यावर निकाल देण्याचा अधिकार आपल्याला नाही.