तेरडा की हंसराज?

मुलांनो, या वेळी पत्रांचा गठ्ठा चांगलाच जाडजूड आहे. पण त्यातलं एक पत्र मी दोनदा वाचलं. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातून आलंय. (तुमच्या आई-बाबांना आठवत असेल, १ मे १९९९ च्या आधी हा सगळा भाग परभणी जिल्ह्यात होता.) पत्र लिहिणारी मुलगी सहावीत आहे. तिचं नाव छापत नाही, कारण पत्रात घरातलं भांडण आहे!

भांडण असं. परसात न्हाणीच्या भिंतीलगत हातभर जागा रिकामी आहे. धाकट्या भावाला तिथे तेरडा लावायचाय. हिला हवाय हंसराज. तोच तो, जुन्या विहिरीच्या आत दगडांच्या फटींतून लोंबणारा, काळ्या तारेसारख्या देठांचा आणि नाजूक हिरव्या पानांचा नेचा. आईने सांगून टाकलंय, "काय लावायचं ते एकच लावा. उन्हाळ्यात झाडाला एक बादली निघाली तरी पुष्कळ." आता काकांनी निवाडा करावा, अशी आज्ञा आहे.

निवाडा करायचा तर दोघांची नीट ओळख हवी. आधी नावंच बघा, मोठी गमतीची आहेत. तेरड्याचं शास्त्रीय नाव 'इम्पेशन्स' या शब्दाने सुरू होतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अधीर, उतावळा. का? तेरड्याच्या पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावून बघा. टप्प! सालीच्या पट्ट्या झटकन गुंडाळल्या जातात आणि बिया लांब उडतात. हंसराज 'एडिअँटम' कुळातला. हा ग्रीक शब्द, अर्थ न भिजणारा. त्याची फांदी पाण्यात बुडवा, पान चांदीसारखं चमकेल. बाहेर काढा, थेंब घरंगळून जातील आणि पान कोरडं. ज्याला पाण्याशिवाय करमत नाही, तोच पाण्याला अंगाला चिकटू देत नाही. आहे की नाही अजब?

तेरडा तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहेच. मृगाचा पाऊस पडला की बी टाकायचं, आठवड्याभरात कोंब वर येतो, दीड-दोन महिन्यांत गुलाबी, लाल, पांढरी, जांभळी फुलं. कुठे कुठे त्याला गुलमेंदी म्हणतात. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात काही घरी तेरड्याच्या रोपांचीच गौर आणतात. आपल्याकडे मराठवाड्यात महालक्ष्म्या उभ्या करतात त्या मुखवट्यांच्या, त्यामुळे तेरड्याला तेवढा मान नाही. पण रंगाचा गुण त्याच्यात आहे बरं का! मेंदीमध्ये जे रंगद्रव्य असतं, ते तेरड्यातही सापडतं. दूर कोरियात मुली तेरड्याच्या पाकळ्या आणि पानं तुरटीबरोबर कुटून नखांवर बांधून ठेवतात, की नखं नारिंगी! 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही आपली म्हण त्यांना सांगितली तर त्या हसतील, कारण नखांवरचा रंग नख वाढून कापलं जाईपर्यंत टिकतो.

हंसराजाला मात्र फूल नाही, फळ नाही, बी नाही. नेच्यांचं घराणंच फुलांच्या आधीचं. पृथ्वीवर नेचे आले त्याला पस्तीस कोटींहून जास्त वर्षं झाली. फुलझाडांचे जुन्यात जुने ठसे सापडतात ते साधारण तेरा कोटी वर्षांपूर्वीचे. आणि हिंगोलीच्या विहिरी ज्या काळ्या दगडात खोदल्या, तो दगड लाव्हापासून बनला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे विहिरीपेक्षाच काय, विहिरीच्या दगडापेक्षाही नेच्याचं घराणं जुनं!

बी नाही, मग नवा हंसराज येतो कुठून? पान उलटून बघा. कडा खाली मुडपलेली असते आणि त्या दुमडीत तपकिरी ठिपके दिसतात. त्यांत पिठाहून बारीक भुकटी असते, तिला बीजाणू म्हणतात. ओल्या जागी बीजाणू पडला की त्यातून आधी नेचा उगवतच नाही. उगवतं नखापेक्षाही लहान, बदामाच्या आकाराचं एक हिरवं पान. त्याच्या पोटाशी नरपेशी आणि स्त्रीपेशी तयार होतात. नरपेशीला स्त्रीपेशीकडे पोहत जावं लागतं, पोहत! निदान पाण्याचा पातळ थर तरी हवाच. थर नाही, तर पुढे नेचा नाही. तेरड्याचं हे काम मधमाश्या आणि फुलपाखरं करतात, हंसराजाला पाणीच लागतं. म्हणून तर तो विहिरीत जाऊन बसला.

आता माझी फजिती सांगतो. मी तुमच्याएवढा असताना गावच्या आडातला हंसराज ओरबाडून आणला होता. (विहिरीत वाकण्याचा हा गाढवपणा तुम्ही मुळीच करू नका.) मोठ्या कौतुकाने तो अंगणात उन्हात लावला, काळ्या मातीत, वर शेणखताची ओंजळ. तिसऱ्या दिवशी पानांचा चुरा झाला. आजी एवढंच म्हणाली, "तो तिथं सुखात होता की रे." आपली काळी माती कापसाला, सोयाबीनला, हळदीला छान. पण पावसात ती चिकट होऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. हंसराजाची केसांसारखी मुळं आधी सडतात नाही तर नंतर तुटतात. त्याला हवी भुसभुशीत जागा. विटांचे तुकडे, वाळू, कुजलेला पाला, आणि जुन्या भिंतीच्या चुन्याचा एखादा खडा मिळाला तर फारच उत्तम. बांधीव विहिरीच्या चुन्यात तो खूश असतो ते उगाच नाही.

अशी ओरबाड मी एकट्यानेच केली असं समजू नका. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये नेच्यांचं एवढं वेड पसरलं होतं की लोकांनी काही दुर्मीळ जाती रानातून जवळजवळ नाहीशा केल्या. त्या वेडाला हातभार लावला एका बाटलीने. लंडनच्या डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बागेत कोळशाच्या धुरामुळे नेचे जगत नव्हते. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीवर ठेवून बाटली बंद केली. पतंगाचं बघायचं होतं, पण त्या मातीत आपोआप एक नेचा उगवला! मातीतलं पाणी वाफ होऊन काचेवर जमायचं आणि पुन्हा खाली उतरायचं. पुढे तशाच काचेच्या पेट्यांतून झाडं समुद्रापार जाऊ लागली. चीनमधून चहाची रोपं भारतात आली तीही अशा पेट्यांतून. तुमच्या घरच्या सकाळच्या कपाशी या बाटलीचा असा संबंध आहे.

तर आता निवाडा. आईची बादली वाचवायची आहे ना? मग भावाचा तेरडा बिनधास्त लावा. तो उन्हाळ्यात असतोच कुठे! दिवाळीच्या आसपास रोप वाळतं आणि बी काडेपेटीत बसून मृगाची वाट बघतं. वैशाखात त्याला थेंबभरसुद्धा पाणी नको. न्हाणीलगतची जागा, तिथे सकाळचं ऊन येत असेल तर, या वर्षी त्याची.

पण ताईचा हंसराज रद्द नाही हं. त्याला ती जागा नकोच आहे. तुमच्या घरात रांजण किंवा माठ असेलच. त्याच्या खाली सावलीत दिवसभर ओल झिरपते. एका पसरट कुंडीत मघाशी सांगितलेलं मिश्रण भरून ती तिथे ठेवायची. साबणाचं पाणी मात्र लागू द्यायचं नाही. कडक उन्हाळ्यात पानं वाळली तरी कुंडी फेकू नका, ओल टिकली तर बुडातून पुन्हा फुटतात.

आणि रोप? विहिरीला हात लावायचा नाही. गावातल्या जुन्या विहिरी आधीच बुजत चालल्या आहेत. हिंगोलीला किंवा नांदेडला कुणी जाणार असेल तर रोपवाटिकेत विचारा. नाहीतर वॉर्डसाहेबांची युक्ती करा. मोठ्या माणसाला सांगून तपकिरी कडांचं एकच पान मिळवा आणि दोन दिवस कागदाच्या पाकिटात ठेवा, भुकटी खाली पडेल. विटेच्या तुकड्यावर उकळतं पाणी ओतून (हे आईकडून करून घ्या) तो गार झाला की काचेच्या बरणीत ठेवा, तळाशी बोटभर पाणी. भुकटी विटेवर शिंपडा, झाकण लावा आणि बरणी उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. काही आठवड्यांनी विटेवर हिरवी झाक येईल, मग ती बदामाची पानं. त्यांच्यावर पाण्याचे थोडे थेंब टाकायला विसरू नका, पोहायचंय त्यांना! खरा नेचा दिसायला काही महिने लागतील. तोवर भावाचा तेरडा फुलून, टप्पकन फुटून मोकळाही झालेला असेल. त्याने चिडवलं तर चिडवू दे.

बरणीवर तारीख लिहून ठेव, आणि हिरवी झाक दिसली त्या दिवशी मला एक कार्ड टाक.