हलाल आहे, म्हणून मारायची?

रानम्हशींबद्दल दोन मतं माझ्या कानावर वारंवार येतात आणि दोन्ही मला मान्य नाहीत. पहिलं शिकल्यासवरल्या लोकांचं. रानम्हैस जिथून नाहीशी झाली तिथे पुन्हा आणून सोडा, कळप वाढला की शिकारीचे परवाने विका, जंगल राखण्याचा खर्च त्यातून निघेल. दुसरं मत आपल्यातल्याच काही भावांचं. म्हैस हलाल आहे, मग ती गोठ्यातली असो की रानातली, मारून खाल्ली तर बिघडलं कुठे? पहिले बाजाराच्या भाषेत बोलतात, दुसरे दीनच्या. पण मारण्याची गरज काय, हा प्रश्न दोघंही टाळतात.

आधी जनावर कोणतं ते नीट समजून घेऊ. मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून शब्दापासूनच सुरुवात करते. आमच्या सिंधुदुर्गात सह्याद्रीच्या पायथ्याला, कणकवली-कुडाळपासून दोडामार्गापर्यंत शेतात उतरतो तो गवा. लोक त्याला गवारेडा म्हणतात, पण तो रेडा नव्हेच, गाईबैलांच्या कुळातला आहे. रानम्हैस निराळी. ती आपल्या गोठ्यातल्या म्हशीची पूर्वज. हिंदी-उर्दूत तिला अरना म्हणतात आणि तिच्या शास्त्रीय नावातलं ‘आर्नी’ तिथूनच आलं. कुणकेश्वरच्या हापूसच्या बागांत माकडं येतात, रानम्हैस येत नाही. महाराष्ट्रात तिला शोधायचं तर पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीतल्या कोलामार्काला जावं लागतं. 2013 साली तिथलं सुमारे 180 चौरस किलोमीटर जंगल तिच्यासाठी राखीव झालं. तिथे उरल्या आहेत त्या मूठभर.

साऱ्या जगात रानम्हशी चार हजारांहून कमी आहेत आणि त्यातल्या बहुतेक आसामात. शेजारच्या छत्तीसगडचा तर हा राज्यप्राणी, पण उदंतीच्या जंगलात एकेकाळी एकच मादी उरली होती. शेवटी आसामच्या मानसमधून 2020 साली एक जोडी आणि 2023 साली चार माद्या बारनवापारा अभयारण्यात आणून कुंपणात ठेवाव्या लागल्या. साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या बंदुका, नदीकाठच्या गवताळ जमिनींवर झालेली शेती, पाळीव गुरांकडून आलेले रोग आणि पाळीव म्हशींशी झालेला संकर, या सगळ्यांनी मिळून तिला संपवत आणलं. एवढा खटाटोप करून जे जनावर परत आणायचं, ते वाढलं की त्याच्यावर बंदूक रोखायची?

परवान्यांच्या बाजूने एक उदाहरण नेहमी दिलं जातं आणि ते खोटं नाही. पाकिस्तानच्या डोंगरात मारखोर या रानबोकडाच्या शिकारीचे मोजके परवाने दरवर्षी लिलावात जातात. एकेकाची किंमत लाख डॉलरच्याही वर जाते, त्यातले 80 टक्के गावांना मिळतात आणि मारखोर वाढले. गावाला पैसा मिळतो हे चांगलंच आहे. पण तो पैसा देणाऱ्याला मांस नको असतं, भिंतीवर लावायला शिंगं हवी असतात. पैसा चांगल्या कामी लागला म्हणून मारणाऱ्याची नियत बदलत नाही. शिवाय गावकरी मारतो ती चोरटी शिकार आणि लाख डॉलर मोजणारा मारतो ते संवर्धन, हा कुठला न्याय? जंगल राखणाऱ्या माडियांना पैसे द्यायचे तर सरकारने सरळ द्यावेत. त्यासाठी एका रेड्याचा जीव मध्ये कशाला?

आता हलालवाल्या भावांकडे वळते. आपल्या कोकणी मुसलमानांच्या शाफई फिकहमध्ये शिकारीचं वेगळं प्रकरण आहे, शिकार जायज आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण जायज म्हणजे वाटेल तेव्हा, वाटेल ते मारायची मोकळीक नव्हे. इहराममध्ये जमिनीवरची शिकार हराम, मक्का-मदिनेच्या हरममध्ये तर कायमचीच. कुरआन जनावरांना आणि पाखरांना माणसांसारख्याच उम्मती मानतो. सजीवाला नेमबाजीचं निशाण करायला पैगंबरांनी मनाई केली. विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी तक्रार करेल, अशी रिवायत आहे. चिमणीची दाद लागत असेल, तर रानम्हशीची लागणार नाही? उर्दू गझलेतही सय्याद, म्हणजे शिकारी, जालीमच ठरला आहे.

देशाचा कायदाही आहेच. 1972 च्या वन्यजीव कायद्यात गवा आणि रानम्हैस दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. गव्याची शिकार करणारे सगळ्या जातिधर्मांत आहेत, पण आपला माणूस सापडला की साऱ्या समाजाची झडती होते. मात्र त्या भीतीने शिकार सोडू नका. ती चूक आहे म्हणून सोडा.

याचा अर्थ शेतकऱ्याने गप्प बसावं, असा नाही. गव्यांनी रातोरात झोपवलेली भातशेती ज्याची असते, त्याला जनावरांवरच्या दयेची प्रवचनं ऐकवणं हाही जुलूमच. जनावर माणसाच्या जिवावर उठलं आणि पकडताही येत नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकमाने त्याला मारण्याची सोय त्याच कायद्यात आहे. ती गरज आहे, तिथे माझी तक्रार नाही. पण शहरातल्या माणसाने टाळ्या वाजवायच्या आणि नुकसान भामरागड-अहेरीच्या किंवा दोडामार्गच्या माणसाने सोसायचं, हे चालणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. दुसरीकडून म्हशी आणण्याआधी कोलामार्कातल्या जगवा. त्यांच्या आसपासच्या गावांतल्या गुरांना लसी सरकारने वेळेवर टोचाव्यात. नवा कळप कुठे सोडायचा असेल तर तिथल्या ग्रामसभेला आधी विचारा आणि पिकाची भरपाई हंगाम संपायच्या आत हातात द्या. एवढं करायची तयारी नसेल तर आणूच नका. आणि आणलीत, तर ती आपल्याकडे अमानत आहे. अमानतीचा लिलाव होत नाही.