अडवणुकीचा आयरिश धडा

अध्यक्षांच्या आसनासमोर घोषणा देऊन कामकाज बंद पाडले, की त्या कृतीला ‘संसदीय अडवणूक’ असे प्रतिष्ठित नाव दिले जाते. या अस्त्राचा आद्य प्रयोगकर्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोसेफ बिगार या आयरिश सदस्याची कारकीर्द पाहिली, तर हे नाव उसने घेण्याचा अधिकार फार थोड्यांना उरतो.

बिगार हा बेलफास्टचा डुकराच्या मांसाचा व्यापारी. पाठीला कुबड, आवाज रूक्ष, वक्तृत्वाचा मागमूस नाही. १८७४ मध्ये कॅव्हनमधून तो ब्रिटनच्या कॉमन्स सभेत निवडून आला. आयझॅक बट यांचे स्वराज्यवादी आयरिश सहकारी तेव्हा सभ्यपणे भाषणे करीत आणि तितक्याच सभ्यपणे पराभूत होत. २२ एप्रिल १८७५ रोजी, म्हणजे पार्नेल सभागृहात प्रथम आला त्याच दिवशी, आयर्लंडवरील दडपशाहीच्या विधेयकावर बिगार जवळजवळ चार तास बोलला. खरे तर सरकारी अहवाल वाचीत राहिला. ऐकू येत नसल्याचे अध्यक्षांनी म्हणताच पाण्याचा पेला घेऊन तो पुढे सरकला आणि भाषण पुन्हा आरंभापासून करण्याची तयारी त्याने दाखविली, असे सांगतात. बट यांना हा प्रकार रुचला नाही. पार्नेलने मात्र तो उचलला.

या अडवणुकीसाठी सभागृहात बसावे लागे, नियम पाठ असावे लागत आणि बोलावे लागे. सभात्यागाला यांपैकी कशाचीच गरज नसते.

पण या अस्त्राची किंमतही मोजावी लागली. ३१ जानेवारी १८८१ रोजी सुरू झालेली बैठक सुमारे ४१ तास चालल्यावर अध्यक्ष ब्रँड यांनी स्वतःच्या अधिकारात चर्चा थांबवून मत घेतले. १८८२ मध्ये चर्चासमाप्तीचा नियमच झाला. आज भारतीय संसदेच्या नियमांतही तशी तरतूद आहे. १८८७ मध्ये आयर्लंडवरील आणखी एका दडपशाहीच्या विधेयकासाठी सरकारने चर्चेला कालमर्यादाच घातली. तिला ‘गिलोटीन’ हे नाव पडले. अल्पमताने शोधलेल्या शस्त्राला उत्तर म्हणून बहुमताच्या हाती असे कायमचे शस्त्र आले, आणि ते कोणत्याही पक्षाच्या सरकारने खाली ठेवलेले नाही.

बिगार १८९० मध्ये वारला. त्यानंतर तीन वर्षांनी ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडच्या स्वराज्याचे विधेयक कॉमन्समध्ये मंजूर करून घेतले, तेही विरोधकांच्या लांबलेल्या भाषणांवर गिलोटीन चालवूनच. लॉर्ड्स सभेने ते ४१ विरुद्ध ४१९ मतांनी फेटाळले.